कोणी ओळखत नाही असं बेट

यवतमाळात माझं छोटं ट्रॅव्हल ऑफिस आहे. आज दुपारी बोरी अरबचे सलीमभाई आणि शबानाभाभी आले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण फिरायला पहिल्यांदाच निघालेत, इंडोनेशियातल्या लोम्बोक बेटावर.

सलीमभाईंनी मोबाइलवर सगळं पाहून ठेवलं होतं. ज्वालामुखीचा डोंगर, समुद्र, जवळच मशीद. "जेवण हलाल पाह्यजे ताई. अन् खोली अशी पाहा, का हिले मोकळं बसता आलं पाह्यजे."

मी सवयीनं विचारलं, "सोबत लेकरं किती?"

सलीमभाई खिडकीबाहेर पाहू लागले.

भाभी हळूच म्हणाल्या, "लेकरं नाहीत. लग्नात जा, बाजारात जा, लोक हेच इचारतात. म्हणून मीच म्हटलं, जिथं आपल्याले कोणी ओळखत नाही तिथं घेऊन चला."

मी माफी मागितली.

"तुमचं काय चुकलं ताई? सारेच इचारतात."

मग समुद्राकडे तोंड असलेली, आडोशाची खोली ठरली. फोटो पाहताना भाभी थोड्या हसल्या. ते दोघं गेल्यापासून माझं कामात लक्ष नाही.

नवी ओळख झाली की तुम्ही पहिल्यांदा काय विचारता?