सहा मिलिमीटरचा हट्ट

डॉ. मंदाकिनी चारठाणकर यांच्या परभणीच्या प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ म्हणून रुजू झालो, त्या पहिल्याच दिवशी मॅडमनी माझ्या अकरा स्लाइड परत पाठवल्या. सोबत चिठोरा, त्यावर एकच शब्द : ‘पुन्हा’. नोकरी सोडायची, असं मी जेवणाच्या सुट्टीतच ठरवलं होतं. त्याला बावीस वर्षं झाली. मॅडमच्या या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी लेख मागितला गेला तेव्हा, ‘तक्रार चालेल का?’ एवढं मी आधी विचारून घेतलं.

तक्रार अशी. तोंडाच्या गाठीचा तुकडा आला की कॅन्सर आहे की नाही, एवढं सांगून बाकीचे मोकळे होतात. मॅडमचं काम तिथून सुरू होतं. गाठ किती खोल गेली? तिच्या कडेच्या पेशी एकजुटीने सरकताहेत, की दोन-दोन चार-चार सुटून पुढे घुसल्यात? एखाद्या नसेला वेढा पडलाय का? “हा पुढे काय करणार, ते कडेला कळतं,” असं त्या म्हणतात. तोवर रिपोर्टसाठी सर्जनचे फोन येत राहतात आणि बोलणी मी खातो.

झरीच्या सरुबाईंच्या वेळी तर मी पुरता वैतागलो होतो. जिभेच्या कडेची नखाएवढी गाठ सर्जननी काढली होती. सोनोग्राफीत मान साफ होती, म्हणजे कॅन्सर तिथवर पसरल्याची खूण नव्हती. मी तुकडा मेणात बसवला, कापला, स्लाइड दिली. खोली जेमतेम तीन मिलिमीटर दिसत होती.

“तुकडा तिरका बसलाय,” मॅडम म्हणाल्या. “मेण वितळवा.”

“मॅडम, रिपोर्ट आजच द्यायचाय. साहेबांचे दोन फोन येऊन गेले.”

“मग लवकर वितळवा.”

पुटपुटत, भांडी आपटत मी तुकडा सरळ उभा बसवला. खोली सहा भरली. तळाशी सुट्या पेशींची टोळकी आणि वेढलेली एक नस. इतका खोल गेलेला कॅन्सर मानेतल्या गाठींत उतरलेला असू शकतो. माझ्या पहिल्या स्लाइडवर रिपोर्ट गेला असता, तर मानेला कुणी हात लावला नसता.

सर्जन फोनवर उसळले, “साफ मान उघडू कशाला?” मॅडमनी त्यांना बोलावून घेतलं. ते आले, बराच वेळ सूक्ष्मदर्शकात पाहत बसले आणि चहा न घेताच गेले. पण ऑपरेशनला तयार झाले.

आता सरुबाई अडल्या. मॅडमनी त्यांनाही बोलावलं आणि सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. कापलेल्या जिभेने बाई जडजड बोलत होत्या.

“हे माझंच हाय?”

“तुमचंच.”

“ही दोरीवानी काय हाय?”

“नस. तिला धरून कॅन्सर पुढे सरकायलाय.”

सरुबाईंनी मान वर केली. “लय चिवट हाय की, मॅडम. काढा मग. सुनेला मीच सांगते. ती आधीच रडायलीय.”

मानेतल्या एका गाठीत कॅन्सर निघाला, सोनोग्राफीत न दिसण्याइतका बारीक. नंतर रेडिएशनचे शेक दिले. आज सात वर्षं झाली. सरुबाईंचं बोलणं जडच राहिलं, पण हरभऱ्याच्या दिवसांत टहाळ घेऊन त्या स्वतः येतात.

तुकडा तिरका कुणी बसवला, हे मॅडमनी सर्जनना सांगितलं नाही. मलाही पुन्हा बोलून दाखवलं नाही. एकदा रागावल्या असत्या तर मी सुटलो असतो. त्यांच्या चांगुलपणाचा हा जाच कुणाला सांगावा?

आणि स्वतःच्या बाबतीत? मॅडमच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. तीनदा ऑपरेशनची वेळ ठरली, तीनदा “आज केसेस आहेत” म्हणून मोडली. आपल्याला दीर्घायुष्य आणि निरोगी शरीर लाभो, ही सर्वांची प्रार्थना आहेच. पण मॅडम, अर्धं काम देवाचं असलं तर अर्धं आपलं आहे. मंगळवारी साडेआठला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायला रिक्षा दाराशी असेल. मी आत बसलेलो असेन आणि आपण येऊन बसल्याशिवाय रिक्षा हलणार नाही.