पायाळूचा कॅमेरा

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, डोकं मागाहून. एवढ्या एका गोष्टीवरून आमच्याकडे दोन निष्कर्ष काढतात. माझा पाय लागला की कुणाच्याही पाठीत भरलेली चमक उतरते, हा पहिला. आणि आभाळ कडाडलं की वीज मलाच शोधत येते, हा दुसरा. पहिल्या कामापुरतं मला नागपुरातलं आमचं अर्धं लकडगंज ओळखत होतं. लहानपणी सकाळी मी दात घासत असायची, तेवढ्यात कुणीतरी काका कमरेवर हात ठेवून, वाकडे होऊन दारात उभे. ते पालथे पडायचे, मी पाठीवर पाय ठेवायची, ते उठून "बरं वाटलं पोरी" म्हणायचे. लाकडं कापायच्या आरा मशीनवरचे हमालही यायचे. त्याच काकांच्या घरी मी खेळायला गेले आणि आभाळ भरून आलं, की त्यांची बायको माझ्या चपला हातात देऊन मला घरी पिटाळायची. लाथ मारायला मी चालत होते. छपराखाली चालत नव्हते.

आईनं तर माझ्यासमोर वीज हा शब्दच टाकून दिला होता. नाव घेतलं की येते, असं तिचं ठाम मत. ती "वरची" म्हणायची. वरची चमकली, वरची पडली. घरातले दिवे गेले तर नागपुरात सगळेच लाईन गेली म्हणतात, त्यामुळे त्या बाजूनं तिची अडचण नव्हती. शाळेच्या पुस्तकातला त्याबद्दलचा धडा मात्र मला मनातल्या मनात वाचावा लागला. आणि गडगडायला लागलं की माझी रवानगी आतल्या खोलीत, दिवाणाखाली, अंगावर दोन चादरी. मे महिना, नागपूर आणि दोन चादरी. विजेनं मेले नसते, पण घामानं नक्की मेले असते. बाहेर सगळं आभाळ फाटत असायचं आणि मला दिसायचा फक्त दिवाणाचा एक पाय.

मी अकरा वर्षांची असेन. सुट्टीत आम्ही उमरेडजवळ मामाच्या गावी गेलो होतो. शेतात लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि दुपारनंतर अचानक वारं सुटलं, आभाळ काळं झालं. मिरच्या गोळा करायला घरातले सगळे धावले, मीही धावले. पोती भरून होईस्तोवर पावसानं गाठलंच. सगळे जाऊन धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, चिंचेखाली उभे राहिले. मी पण शिरले. तेव्हा मामीनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "इले बाहेर काढा वं. नाहीतर सगळ्यांवर पडन."

ती रागानं बोलली नाही. ओल्या चपला बाहेर काढ म्हणावं, तसं म्हणाली. कुणी मला ढकललं नाही, सगळे नुसते सरकले आणि माझ्या भोवती जागा रिकामी झाली. आईच्या कडेवर माझा भाऊ होता, दोन-अडीच वर्षांचा. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं, आणि ती जागची हलली नाही. मी चालत चालत शेताच्या मधोमध जाऊन उभी राहिले. आज मला ठाऊक आहे की वादळात उघड्या शेतात उभं राहणं धोक्याचं आणि एकट्या उंच झाडाखाली उभं राहणं त्याहून धोक्याचं. शहाणं त्या दिवशी तिथं कुणीच नव्हतं.

पण त्या शेतात मी पहिल्यांदा वीज अख्खी पाहिली. कारण डोळ्यांवर चादर टाकायला कुणी जवळ नव्हतं. कोळशाच्या खाणीतली माती टाकून टाकून झालेल्या टेकड्यांच्या पलीकडे ती उतरली, वरून खाली, फांद्या फुटत फुटत, आणि क्षणभर तशीच थांबल्यासारखी वाटली. रंग पांढरा नव्हता, जांभळट होता. मग आवाज आला आणि माझ्या पायाखालची जमीन थरथरली. मला भीती वाटली. पण भीतीच्या वर राग होता. इतकी सुंदर गोष्ट या लोकांनी अकरा वर्षं माझ्यापासून लपवून ठेवली, आणि दाखवली ती मला मरायला बाहेर काढून. मी तिथं उभ्या उभ्या ठरवलं की आता हिला मी बघणार. पुन्हा दिवाणाखाली जाणार नाही. गेलेही नाही. आईनं ओढलं, रागावली, रडली. मी खिडकीचा गज सोडला नाही.

पुढे विमा कंपनीत नोकरी लागली आणि थोडे पैसे साठल्यावर मी जुना कॅमेरा घेतला. विजेचा फोटो काढण्यात एक गंमत आहे. ती दिसल्यावर बटण दाबाल तर फोटोत नुसता अंधार येतो, कारण तोवर ती येऊन गेलेली असते. कॅमेऱ्याचं शटर आधीच उघडून ठेवावं लागतं आणि वाट बघावी लागते. ती आली तर आली. नाही आली तर शटर मिटायचं आणि पुन्हा उघडायचं. शंभर फोटो काळे निघतात, एखाद्यात ती सापडते. जिला वीज शोधत येते म्हणून गावभर बोभाटा, त्या बाईला ती शोधूनही सापडेना, याचं मला फार हसू यायचं. ऑफिसात मी सांगितलं तर साहेबही हसले. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या पाठीत चमक भरली आणि त्यांनी हळूच मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, जमेल का म्हणून. मी म्हटलं, जमेल, पण मग सगळ्या ऑफिससमोर लाथ मारीन. त्यांनी मलम आणवलं.

मी मूर्खपणा करत नाही, हे सांगितलेलं बरं. एप्रिल-मेमध्ये अवकाळीचे ढग चढायला लागले की ऑफिस सुटल्यावर कळमेश्वरच्या रस्त्याला गाडी घेते, मोकळी जागा बघून उभी करते, काचा बंद करून आत बसते. कॅमेरा समोरच्या काचेमागे घट्ट बसवलेला असतो. चमक आणि गडगडाट यांच्यातलं अंतर कमी व्हायला लागलं की तोंड वळवून घरी. विजेपुढे छाती काढून उभं राहायची मला हौस नाही. माझं भांडण विजेशी कधी नव्हतंच.

तीन वर्षांपूर्वी मला हवा होता तो फोटो मिळाला. रस्त्यापासून दूर, एका शेतात एकटं उभं झाड आणि वीज थेट त्याच्या शेंड्यावर. तो मोठा करून, काच लावून मी समोरच्या खोलीत टांगला. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर फोटोचं तोंड भिंतीकडे. मी सरळ केला. सकाळी पुन्हा उलटा. आई काही बोलत नव्हती, मीही बोलत नव्हते. तीन वर्षं आमच्या घरात तो फोटो सकाळी पाठ दाखवायचा आणि संध्याकाळी तोंड. भाऊ आणि वहिनी याला आमची पूजाअर्चा म्हणायचे.

गेल्या मे महिन्यात वहिनीचे दिवस भरत आले आणि डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की बाळ पायाळू आहे, सिझर करावं लागेल. वहिनी शांत होती. आईचा चेहरा उतरला. मग तिनं शेजारपाजारी नवाच वाद उभा केला: पोट कापून काढलेलं मूल पायाळू धरायचं की नाही. निम्म्या बायका म्हणाल्या धरायचं, निम्म्या म्हणाल्या सिझरमध्ये आधी-नंतर काही नसतं. आई त्या दुसऱ्या निम्म्यांना धरून बसली होती.

दवाखान्यात दुपारी सिस्टर बाळ घेऊन बाहेर आली. मुलगी की मुलगा, कुणी विचारायच्या आत आईनं विचारलं, "आधी काय आलं?" सिस्टर दमलेली होती. तिला प्रश्नही कळला नसावा. "पाय धरूनच काढलं जी," ती म्हणाली, "मुलगी आहे, छान आहे." आईनं बाळ घेतलं, कपाळाला कपाळ लावलं आणि बाळावरून नजर न काढता मला म्हणाली की बाहेर सांगताना डोक्यानं आली असंच सांगायचं. वहिनीला रात्रीपर्यंत आतच ठेवणार होते, भाऊ तिच्याजवळ गेला होता. वहिनीसाठी घेतलेल्या खोलीत आम्ही दोघी आणि ती टीचभर पोरगी.

संध्याकाळी पश्चिमेकडून आभाळ चढायला लागलं. गाडीतून कॅमेरा वर आणून मी तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत खिडकीच्या बंद काचेमागे तिपाईवर लावला. आई बाळाला घेऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून बसली. ते पाहिलं आणि माझा तोल गेला.

"आई, तू काहून खोटं सांगाले लावून राहिली?"

"तुह्यासारखं तिचं होऊ नाही म्हणून."

"माह्यासारखं म्हणजे काय झालं मले?"

तेव्हा जे मी इतकी वर्षं गिळून बसले होते ते बाहेर आलं. मी म्हटलं, "मले वीज कधीच नाही लागली, आई. तुम्ही सगळ्यांनी मले झाडाखालून काढलं, ते लागलं. अन् तूही तिथंच उभी होती."

बाहेर चमकलं. खोली पांढरी झाली आणि विझली. आई बराच वेळ बाळाची टोपी सारखी करत राहिली. मला वाटलं, आता रडेल आणि मग मलाच तिला समजवावं लागेल. ती रडली नाही.

"तो फोटो उलटा कराच्या आधी रोज पाहाच लागते मले," ती म्हणाली. "झाडावरच पडते ती. मी तुह्या भावाले, ह्या पोरीच्या बापाले, कडेवर घेऊन तिथंच उभी होती. वाचवून राहिलो समजून."

तिचा फोन वाजला. मामीचा होता, उमरेडहून. आईला कमी ऐकू येतं, त्यामुळे तिच्या फोनवर सगळं मोठ्यानं चालतं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मामीनं मुलगी झाल्याचं ऐकलं, वजन विचारलं, आणि मग आवाज खाली आणून विचारलं, "पायानं का डोक्यानं?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. त्या शेतातही तिनं आधी माझ्याकडेच पाहिलं होतं. माझा हात कॅमेऱ्यावर होता.

"पायानं," आई म्हणाली. "आत्यावर गेली."

पलीकडून मामी म्हणाली, इकडं आभाळ आलं आहे, तिकडं आलं असेल तर लेकराले खिडकीपासून दूर ठेवा.

आई उठली. बाळाला खांद्याशी धरून ती खोली ओलांडून माझ्या शेजारी, काचेसमोर येऊन उभी राहिली. "आलं ना," ती फोनमध्ये म्हणाली. "मस्त वीज चमकून राहिली. आत्या फोटो काढून राहिली अन् आम्ही दोघी पाहून राहिलो." फोन तिनं पलंगावर टाकला. मामी त्यात अजून काहीतरी बोलतच होती.

मग तिनं मला विचारलं, "आली का वं फोटोत?"