थोरल्या दिरांची तेलुगू

लग्न होऊन मी तेलंगणातून देवणीजवळच्या गावात आले, तेव्हा मला मराठी म्हणजे ‘ये’, ‘जा’ आणि ‘पाणी’ एवढंच येत होतं. घरात तेलुगू येणारं माणूस एकच, माझे थोरले दीर. तीही बैलबाजारातली तेलुगू: दात किती, चाल कशी, खोड काय. आणि घरची रीत अशी, की थोरल्या दिरांसमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही. म्हणजे बोलता येईल असा एकच माणूस, आणि नेमकं त्याच्याशीच बोलायचं नाही!

पहिल्याच वर्षी ओटीपोटात एका बाजूला कळा सुरू झाल्या. नवरा ट्रक घेऊन बाहेरगावी, सासूबाईंचे गुडघे धरलेले. दिरांनीच एसटीनं लातूरला नेलं. ते पुढच्या सीटवर, मी मागे, नाकापर्यंत पदर.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “पाळी कधी आली होती?”

दिरांचे कान लाल झाले. भिंतीकडे बघत त्यांनी मला तेलुगूत विचारलं, “जेवण जातं का?” मी मान हलवली.

“टायमावर हाय म्हनती,” त्यांनी सांगून टाकलं. बाहेर रांग लागलेली. बाईंनी पित्ताच्या गोळ्या दिल्या.

खरं सांगते, ‘पाळी’ हा शब्द मला कळला होता. सासरी पहिल्यांदा बाजूला बसवलं, तेव्हाच तो शिकले होते. ती चुकलीय हेही ठाऊक होतं. मान नुसती आडवी हलवली असती तरी पुरलं असतं. पण दिरांसमोर पाळीचं कसं सांगायचं? लाजेनं मान उभीच हलली.

गर्भ नळीत राहिला होता. आठवड्याच्या आत नळी फुटली. मी वाचले, पण पुढे मूल राहिलंच नाही.

वॉर्डातली सिस्टर माझ्यावर ओरडली, “पाळी चुकल्याचं सांगता येत नव्हतं का?” दाराशी पाठ करून उभे असलेले दीर म्हणाले, “तिचा कसूर न्हाई, सिस्टर. म्याच इचारलं न्हाई.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढी मराठी कळली होती, पण मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

आता मी मराठीत असं भांडते की भाजीवाली दचकते. दीर थकलेत. भावकीत बारसं निघालं की काहीतरी निमित्त काढून शेताकडे जातात. त्यांना अजून वाटतं, सगळं त्यांच्या लाजेपायी झालं. त्यातली निम्मी लाज माझी होती, हे सांगायला एक वाक्य पुरेल. ते मला दोन्ही भाषांत येतं. आणि ते अंगणात आले की मी आजही पदर ओढून आत जाते.