खंडेनवमीचा चाकू

भाऊ गेल्याला चार महिने झाले. भेटायला येणारे त्याच्या आजारपणाबद्दल विचारतात आणि मीही सांगते. मनात मात्र त्यांना चाकूची गोष्ट सांगायची असते. ती आता सावकाश लिहून काढते आहे.

दुष्काळ नुकताच सरला होता. मी कॉलेजात होते आणि भाऊ नोकरीला लागला होता. हिमालयात गिर्यारोहण शिकवणाऱ्या एका शिबिरात त्याची निवड झाली. सोलापूरच्या माणसानं डोंगर चढायचा, याचंच गल्लीला हसू येई. आमचा किल्लासुद्धा भुईकोट. भावानं त्याच्याच पायऱ्या महिनाभर पाठीवर विटा घेऊन चढून काढल्या.

मग त्याच्या डोक्यात चाकू शिरला. लाकूड फोडेल, बर्फ खणेल, खुंटी ठोकेल, आणि काही केल्या मोडणार नाही असा चाकू. तसला बाजारात मिळेना. माझा हात चित्रकलेत बरा, म्हणून आलेख कागदावर आकृती मी काढली. पाठीला करवतीचे दात, मूठ पोकळ, आत काड्या नि गळ, बुडाला होकायंत्र.

जवळच्या मंद्रूप गावच्या लोहारमामांनी तो कागद उलटासुलटा करून पाहिला.

"ह्यो चाकू हाय का पेटी?"

"मामा, तिकडं सगळं लागतं," भाऊ म्हणाला.

"मूट पोकळ केली तर पयल्या दणक्याला पातं एकीकडं आन तुमी एकीकडं. दात बी नकोत, तितनंच चीर जाती. मुटीच्या टोकापतुर लोखंड एकच पायजे."

मी खोडरबर घेतलं. तीन आठवड्यांत आकृतीतून एकेक वस्तू जात राहिली. शेवटी वीतभर लांब, पाव इंच जाड असं साधं पातं आणि दोन्ही बाजूंना बाभळीच्या फळ्या, एवढंच उरलं. लोखंड ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्याचं होतं.

पहिलं पातं आमच्या हट्टामुळं गेलं. तापवून लाल झालेलं पातं मामा तेलात बुडवणार होते. भावानं कुठल्याशा पुस्तकात पाणी वाचलं होतं. पाण्यात 'टिच्' असा बारीक आवाज आला. मामांनी चीर गेलेलं पातं त्याच्या हातात दिलं. "पुस्तकाला दाकवा," एवढंच म्हणाले.

दुसरं पातं अष्टमीला दुपारी तयार झालं. या वेळी आईच्या डब्यातलं करडईचं तेल नेलं होतं. पातं आत गेल्यावर असा वास सुटला की रस्त्यावरनं एक जण भजी मागायला आला. पातं सरळ निघालं, चीर नव्हती. मुठीच्या फळ्याही मामांनी बेतून ठेवल्या होत्या. पण काम अजून संपलं नव्हतं. असं पातं काचेसारखं कडक असतं, आपटलं की फुटतं. पुन्हा बेतानं तापवून त्याचा कडकपणा थोडा उतरवावा लागतो.

"ते आता परवा," मामा म्हणाले. "उद्या खंडेनवमी. भाता, ऐरण, हातोडा, समदी पूजेला बसनार."

"परवा संध्याकाळी माझी गाडी आहे, मामा!"

मामांनी दाढी खाजवली. "माजा भाता लागनार न्हाय. तुमच्या घरी भाकरी व्हनार की न्हाय? मी येतो की. हात लावनार न्हाय, नुस्ता बगीन."

खंडेनवमीला सकाळी ते आमच्या स्वयंपाकघरात पाटावर हात मांडीत ठेवून बसले. आईनं विळी आणि अडकित्ता धुऊन, हळदकुंकू लावून पूजेत ठेवले होते. त्या दिवशी घरात काही चिरायचं नव्हतं. "नागपंचमी असती तर तवासुद्धा चुलीवर ठेवला नसता," आई म्हणाली. "आज त्याला सुट्टी नाही."

मी पातं घासून आरशासारखं केलं, कारण तापताना त्यावर चढणारा रंग दिसायला हवा होता. आईनं सांडशीत धरून त्याची पाठ तव्यावर टेकवली, धार वर.

"अक्का, तवा लई तापलाय."

"तव्याचं मला शिकवू नका." आईनं पाण्याचा थेंब टाकला, तो नाचताना ऐकला आणि एक लाकूड मागं ओढलं.

पाठीवर आधी कडब्याचा पिवळा रंग आला, मग गुळाचा, मग जांभळा. ते रंग एकामागून एक धारेकडे चढू लागले. गूळ धारेला पोचला आणि मामा ओरडले, "काडा!" आईनं त्याआधीच उचललं होतं.

मामांनी मूठ कशी बसवायची ते सांगितलं आणि भावानं ती बसवली. "उद्या टोक फटीत घालून वाकवा. सरळ झालं तर घेऊन जावा. मोडलं तर मला सांगू नका, अक्कांना सांगा."

भाऊ तेव्हाच वाकवून पाहणार होता. आईनं चाकू विळीशेजारी पूजेत ठेवून दिला.

दसऱ्याला सकाळी त्यानं उंबऱ्याच्या दगडातल्या फटीत टोक घातलं आणि मुठीवर हात ठेवून तसाच उभा राहिला.

"वाकव की," आई म्हणाली.

त्यानं सगळा भार टाकला. पातं धनुष्यासारखं वाकलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते सरळ होतं आणि भाऊ मोठ्यानं हसत होता. मग त्यानं बाभळीचं लाकूड फोडलं, आणखी एक फोडलं. शेवटी आईनं त्याला थांबवलं, नाहीतर चुलीचं महिन्याचं सरपण त्यानं तिथंच करून ठेवलं असतं.

महिन्यानं भावाचं पत्र आलं. चाकूनं बर्फ खणला, तंबूच्या खुंट्या ठोकल्या, गोठलेला गूळही फोडला. शिकवणारे विचारतात, कुठं केला? मी सांगतो, आईनं भाजला.

आईनं पत्र दोनदा वाचून घेतलं आणि मला मंद्रूपच्या एस. टी.त बसवलं. मी भात्याशेजारी उभी राहून मामांना ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

"धार गेली का?" त्यांनी विचारलं.

"तसं लिहिलेलं नाही."

"मंग ऱ्हायली आसंल," म्हणाले, आणि मला बसायला पाट दिला.