मामीचा उघड्या मानेचा कोंबडा आणि माझा फरसाणाचा चुरा

एका कोंबड्याचा वंश मी जवळजवळ बुडवला होता, आणि तोही लाडाने.

नव्वदच्या दशकात मी मनवेलपाड्यात नवा ब्लॉक घेतला होता आणि दर रविवारी सांडोरला मामाच्या वाडीत जायचो. मामीकडे चार साध्या कोंबड्या आणि एक कोंबडा. काय कोंबडा होता तो! मानेवर एक पीस नाही, लालबुंद उघडी मान आणि चाल अशी, की राजा आत्ताच विंगेतून रंगमंचावर आलाय. आमचं लगेच जमलं. फरसाणवाल्याच्या परातीत तळाशी उरणारा तेलकट चुरा मी पिशवी भरून न्यायचो. कोंबड्यांना भाताची कणी. चुरा फक्त राजेसाहेबांना, आठवडाभर, मामीच्या हातून. त्याच्या अंगावर काय चकाकी आली!

फक्त पिल्लं होईनात. दोनदा कोंबडी खुडूक बसली, दोनदा एकवीस दिवस अंडी उबवली, आणि दोन्ही वेळा एकही अंडं फुटलं नाही. मामाने निकाल दिला, की तिसऱ्यांदाही असंच झालं तर कोंबड्याचा रस्सा. मसाला कोणाकडून कुटून आणायचा तेही त्याने ठरवून टाकलं. मामीने त्याच्याशी बोलणं सोडलं. पिल्लू असताना तो कोंबडा तिने चुलीशेजारी टोपलीत जगवला होता.

अशात म्हशीला टोचायला जनावरांचे डॉक्टर आले. मामीने त्यांना चहा दिला आणि कोंबडा पुढे केला. डॉक्टर कोठीच्या खोलीत गेले, दार लावून टॉर्चवर तिसऱ्यांदा बसलेल्या कोंबडीखालचं आठवडाभराचं एक अंडं धरलं. बीज धरलं असतं तर आत लाल शिरांचं जाळं दिसलं असतं. हे अंडं नुसतं पिवळं, स्वच्छ. बाकीचीही तशीच.

“याला खायला काय घालता?”

मामीने अभिमानाने पिशवी आणली. डॉक्टरांनी हुंगली आणि तोंड वाकडं केलं. मग त्यांनी आम्हाला ओट्यावर बसवून सांगितलं, की नराच्या बीजाचं आवरण बरंचसं चरबीचं असतं आणि ती चरबी त्याच्या खाण्यातून येते. जवसातली, मासळीतली चरबी ते आवरण मऊ, लवचीक ठेवते. मग बीज नीट पोहतं. दहादा तापवलेल्या तेलाने ते बिघडतं, वर नर लठ्ठ होतो. “कोंबड्या चांगल्या आहेत. मला याच्या खाण्याचाच संशय येतो.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कोंबड्यानेही.

डॉक्टरांनी चुरा बंद केला; थोडं कुटलेलं जवस आणि सुक्या बोंबलाची डोकी सांगितली. नवं बीज तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून दीड महिना थांबायचं. मामाने मुदत दिली, पण अट घातली, की पिल्लं याचीच आहेत हे पटलं पाहिजे. शेजाऱ्याने नुकताच आणलेला, भरल्या मानेचा कोंबडा कुंपण ओलांडून येतो. पिल्लं झाली तरी ती याचीच कशावरून?

पुढचे रविवार मी फरसाणाऐवजी जवस घेऊन गेलो. मामीने त्याची चटणी माझ्याही ताटात वाढायला सुरुवात केली. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती, मूल नव्हतं. “तूही तोच चुरा खातोस,” ती म्हणाली, “गप जेव.” त्या रविवारी बरोबर आलेली बायको पदरात तोंड घालून हसत होती. मी जेवलो.

मग चौथ्यांदा कोंबडी खुडूक बसली. एकविसाव्या दिवशी मी रजा टाकून सांडोरला गेलो. मामा टोपलीपाशी आधीच उकिडवा बसलेला, सुरीला धार लावून. दुपारी पहिलं टरफल फुटलं आणि ओलं, चिडलेलं एक पिल्लू बाहेर आलं. मामी वाकली, ते तळहातावर घेतलं आणि मामाच्या नाकासमोर धरलं. दोन-अडीच महिन्यांनंतर ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली.

“मान बघा.”

अंगभर ओली लव होती, मान मात्र त्या कोंबड्यासारखी उघडी.

मामाने सुरी उचलली आणि परसातून एक फणस आणून कापायला बसला.