इंजिनघराचं पान

दिवेलागणीनंतर पुस्तकाचं एक पान मोठ्यानं वाचायचं, असा आमच्या घरचा नियम होता. आजोबांना अक्षरओळख नव्हती, म्हणून ते बाबांकडून रोज वाचून घेत. बाबा पुढे हिंगण्याच्या कारखान्यात लागले आणि ते पान त्यांनी माझ्या गळ्यात घातलं. त्यांची दुपारपाळी असली की कंपनीची बस यायच्या आधी वाचन उरकायचं, पण उरकायचंच. ते समोर बसून ऐकत, हातात स्टीलचा ग्लास आणि चमचा. मी ओळ गाळली की चमचा ग्लासावर वाजे, टण्. रागावणं नाही, बोलणं नाही. मागे जायचं आणि सुटलेलं वाचायचं.

त्या चमच्याचा मला मनस्वी राग यायचा. मैत्रिणी अंगणात लंगडी खेळत असताना मी घाम पुसत वाचत बसायची, कारण कूलर सुरू असला की आवाज बाबांपर्यंत पोचत नसे, म्हणून तो बंद. पण पाहुणे आले की आईच्या पदरामागे लपणारी मी कॉलेजात चारचौघांत न अडखळता बोलू लागले, ते त्या पानामुळेच. हे मी बाबांना कधी सांगितलं नाही. आमच्याकडे अशा गोष्टी सांगायची पद्धत नाही.

मग नोकरी लागली. सदर भागातल्या ऑफिसातून घरी येईपर्यंत जीव आंबून जायचा, आणि पान सुटलं. कुणी बंद केलं नाही, भांडण झालं नाही. बाबा कित्येक वर्षं आईलाच वाचून दाखवत राहिले, आणि आई ऐकता ऐकता भाजी निवडत राहिली.

गेल्या वर्षी बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. त्यांना कितपत समजतं ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. भेटायला येणाऱ्यांनी त्याचा सोयीस्कर अर्थ लावला. त्यांच्या खाटेवरून एकमेकांशी बोलत, जणू बाबा तिथे नाहीतच. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण खरं सांगायचं तर भीती मलाही तीच होती. बाबा आत नसले तर?

पुस्तक मी पुन्हा हातात घेतलं ते मात्र बाबांसाठी नाही. ऑफिसच्या मीटिंगमध्ये एक परिपत्रक वाचायला सांगितलं आणि अर्ध्या पानावरच माझी त-त-प-प झाली. मोबाईलवर वरवर डोळे फिरवायची सवय; नजर टिकेचना, श्वास पुरेना. मला स्वतःची लाज वाटली. त्या संध्याकाळी बाबांच्या कपाटातलं समुद्रप्रवासाचं जुनं पुस्तक काढलं आणि त्यांच्या खाटेशी बसले, कारण घरातला चांगला ट्यूबलाइट तिथेच आहे.

"कूलर काहून बंद केला वं?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं. वाचते आहे म्हटल्यावर नव्याचे नऊ दिवस, असं काहीसं पुटपुटली. तिचा अंदाज चुकला. मी रोज वाचत राहिले. आवाज हळूहळू सुटू लागला, डोकं जरा जागेवर येऊ लागलं. बाबा पंख्याकडे बघत पडून असत. पान संपलं की मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची. तिथे काही नसायचं, आणि मी पुस्तक मिटून कूलर लावायची.

एका संध्याकाळी जहाजाच्या इंजिनघराचं वर्णन आलं. बॉयलर, नळ्या, वाफेचा दाब, लांबलचक परिच्छेद. लहानपणीही मी तो गाळायला बघायची. त्या दिवशी भूक लागली होती आणि उकाडा मी म्हणत होता. मी तो सरळ ओलांडला आणि पुढच्या बंदरावर पोचले.

टण्.

आई धावत आली. बाबांच्या डाव्या हातात पेजेचा चमचा होता, आणि उशाशी स्टुलावर पाण्याचा ग्लास.

"तहान लागली असन त्यायले," म्हणत तिनं ग्लास उचलून त्यांच्या ओठांना लावला. बाबांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. तिनं पुन्हा लावला, त्यांनी मान फिरवली. तिनं ग्लास स्टुलावर ठेवला आणि लगेच चमचा पुन्हा वाजला. या वेळी ते पंख्याकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

"पाणी नको त्यांना," मी म्हटलं.

मी पान मागे उलटलं आणि इंजिनघर पहिल्या शब्दापासून वाचायला घेतलं. आवाज फुटत होता, अक्षरं पाण्यात बुडत होती, पण बॉयलर सोडला नाही, एक नळीसुद्धा सोडली नाही. आई पदर तोंडाशी धरून दारात उभी होती. परिच्छेद संपला तेव्हा बाबांनी चमचा ग्लासाशेजारी ठेवला आणि डोळे मिटले, पूर्वी पान मनासारखं झालं की मिटायचे तसे.

कूलर लावायचं त्या संध्याकाळी कुणालाच आठवलं नाही.