साठे सरांचा तास

शाळेत चोवीस वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. रिटायर झाल्यावर ते ऐकायला घरात कोणी नसतं, ही खरी पंचाईत! आता तुम्ही आलाच आहात, तर आमच्या साठे सरांचे ऐका.

सर विज्ञान शिकवायचे. देवमाणूस, पण वर्ग म्हणजे मंडई! शेजारी माझा गणिताचा तास. मी त्यांच्या दारात नुसती उभी राहिले की पोरं चिडीचूप. सर म्हणायचे, "बाई, जरा थांबता का? तेवढ्यात धडा संपवतो!"

*

त्याच सुमारास कर्वेनगरात कॉम्प्युटरवाले पालक वाढले. पोरगा पाचवीत, पण अमेरिका फिक्स! मोठ्या बाईंनी सरांना बोलावलं. "साठे, तुमच्या वर्गातून तुकडी बदलून मागणारे अकरा अर्ज आलेत."

"म्हणजे चाळीस जण खूश आहेत!" सर म्हणाले.

पण सर कॉन्ट्रॅक्टवर होते. मार्चमध्ये नवं पत्र मिळालं नाही तर नोकरी गेली.

*

तास कुठे चुकतोय, हे सरांना सांगायचं कोणी? स्टाफरूममध्ये चिठ्ठ्या टाकल्या. नाव निघालं माझं! चांगली तयारी करून गेले. सर खिडकीशी एकटेच जेवत होते.

"सर, आज भाजी कसली?"

"दोडका."

झालं, मिशन फेल! सरांनी मात्र लगेच डबा पुढे केला. सहा वर्षांत त्यांच्याशेजारी कोणी बसलंच नव्हतं हो.

*

तोंडानं सांगवेना. मग मोठ्या बाई त्यांच्या तासाला बसणार होत्या, तेव्हा धड्याचं टाचण मीच लिहून दिलं. बाईंनी वही चाळली.

"उत्तम टाचण, साठे. ज्यांनी लिहिलंय त्यांनाच तास घ्यायला सांगा!"

आम्ही आठवडाभर हसलो. सरही हसले. मार्चमध्ये पत्र आलं नाही.

*

शेवटच्या दिवशी सर माझ्याकडे आले. "बाई, आजच्या तासाला मागे बसाल?"

बसले. तास नेहमीसारखाच झाला. मुलं गेल्यावर सरांनी वही उघडली. "आता सांगा, कुठे चुकतं माझं?"

मग सांगितलं. फळ्याकडे तोंड करून बोलता. प्रश्न विचारता आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकता. शेवटच्या बाकापर्यंत कधी जातच नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं, तरी सांगत गेले. सरांनी एकेक मुद्दा नंबर घालून लिहून घेतला. मग घड्याळात बघितलं.

"दहा मिनिटं लागली, बाई," सर म्हणाले. "एवढंच होतं होय?"